मोरधारचा दुसरा किल्लेदार

मोरधार गडावर ऊन नेहमीच उशिरा पोहोचत असे. पूर्वेची बोडकी डोंगररांग आडवी येई. तिच्या माथ्यावरून ते आधी झेंडाबुरुजाला शिवे, तिथून सदरेच्या कौलांवर उतरे आणि तटाला चिकटलेल्या गवती खोपटांकडे सर्वांत शेवटी, उशिरा आठवण झाल्यासारखे, वळे. खाली दरीत सरदार जालिंदरराव घोरतळे यांचा वेढा पडला होता. वेढा बसला तेव्हा पांढरेशुभ्र असलेले तंबू आता मातकट झाले होते. तोफा रोज धडाडत, पण गडकऱ्यांना त्यांची सवय झाली होती. सवय होत नव्हती ती वासाची. रोज सकाळी छावणीत कांदा परतला जाई आणि तो वास वाऱ्याबरोबर तट चढून येई. गडावर उरली होती ती नुसती नाचणी, तीही अर्धी कोंडा.

“तोफ परवडली,” गोलंदाज सिदू म्हणे, “पण हा कांदा बंद करा रे कुणीतरी!”

त्या सकाळी गडावर कोतवाल आला. डोक्यावर भलेमोठे पागोटे, कमरेला लाकडी तलवार, आणि मागे झोळी धरून चालणारी बारा-तेरा वर्षांची काटकुळी पोर. कोतवाल थेट सिदूच्या तोफेसमोर जाऊन उभा राहिला.

“गोलंदाज! तुझ्यावर गुन्हा आहे.”

“माझ्यावर? काय केलं मी, कोतवालसाहेब?”

“काल स्वप्नात पुरणपोळी खाल्लीस. एकट्यानं! गडावर माणसं कोंडा चघळतात आणि हा गडी झोपेत तूप ओततो. घोरताना तुझ्या मिशीला चकाकी होती, साक्षीदार आहेत.”

“मग दंड काय?”

“आज रात्रीच्या स्वप्नात मला पंगतीला बसवायचं. आणि ही माझी शिपाईण. हिला दोन पोळ्या बांधून द्यायच्या.”

तटावरची माणसे हसली. भुकेल्या माणसांचे हसणे लवकर दमते, पण तेवढा वेळ ती भूक विसरली. ती शिपाईण, साळू, तेवढी हसली नाही. पुरणपोळीचा गुन्हा तिने आधीही ऐकला होता, आणि खरे तर तिला भूक लागली होती.

कोतवाल म्हणजे तिचा बाप, गोमा बहुरूपी. पण सोंग अंगावर असेतोवर तो तिचा बाप नव्हता. बहुरूप्यांच्या घरची ती रीत होती. सोंग चढले की नाते उतरले. कोतवाल असेल तर कोतवाल म्हणायचे, गोसावी असेल तर महाराज म्हणून पाया पडायचे, काहीही झाले तरी आबा म्हणायचे नाही. ज्याचे सोंग चारचौघांत फुटते त्याला त्या गावात पुन्हा कुणी पसाभर पीठ घालत नाही. साळू चार वर्षांची असताना एका बाजारात ठेच लागून पडली आणि “आबा!” म्हणून रडली. गोमा तेव्हा गोसावी होता. तो तिच्या अंगावरून पुढे निघून गेला. सोंग उतरल्यावर त्याने तिचा गुडघा धुतला, हळद लावली, खांद्यावर घेऊन फिरवले. पण आधी पुढे निघून गेला, हे ती विसरली नाही. त्यानंतर ती कधी चुकलीही नाही.

या बापलेकीला गडावर अडवत नसत आणि छावणीतही अडवत नसत. वेढा घालून बसणे हे मोठे कंटाळवाणे काम. हसायला दोन्हीकडच्या माणसांना लागतेच. दोघे आठवड्यातून एखादा फेरा खाली करीत आणि झोळीत सापडेल ते घेऊन वर येत. छावणीने गोमाला वैद्य म्हणून पाहिले होते, भुताच्या रूपात पाहिले होते, एकदा तर बाळंतीण म्हणूनही पाहिले होते. त्याचा धुतलेला चेहरा मात्र तिथे कुणी पाहिला नव्हता. छावणीला ओळखू येत होती ती साळू. ही पोर बरोबर आहे म्हणजे हा गोमा, असा तिथला हिशेब होता.

आणि नेमका हाच हिशेब त्या दिवशी दिवेलागणीला किल्लेदारांच्या ध्यानात आला.

किल्लेदार भिवजीराव दरेकर हे पोटाने आणि मिशीने प्रसिद्ध होते. वेढ्यात सगळ्या गडाची पोटे आत गेली, त्यांचे गेले नाही. मिशी तर अशी, की तिचे एक टोक सदरेकडे पाहत असे आणि दुसरे दारूकोठाराकडे. नदीपलीकडे त्यांचे सासरे मोठी फौज घेऊन बसले होते; ती आली असती तर वेढा एका दिवसात उठला असता. पण लग्नात एका घोड्यावरून सासऱ्या-जावयांत बिनसले होते. तीन जासूद गेले आणि तिन्ही वेळा सासऱ्यांनी एकच उत्तर धाडले: जावयाने स्वतः यावे, मिशी खाली करून मुजरा करावा, मग फौज हलेल.

“गडावरचा दाणा संपला,” किल्लेदार गोमाला म्हणाले. साळू कोपऱ्यात झोळी धरून बसली होती. “मला गेलंच पाहिजे. आणि मी गेलो हे त्या घोरतळ्याला कळता कामा नये. कळलं तर नदीच्या अलीकडेच त्याचे स्वार मला कापतील आणि दुसऱ्या दिवशी गड घेतील. गडावर चारशे माणूस आहे, बायकापोरं आहेत. त्याने धाकटी गढी घेतली तेव्हा तिथल्यांचं काय केलं, ते तू पाहिलंयस.”

गोमाने पाहिले होते.

“उद्या मी गोमा होतो,” किल्लेदार म्हणाले, “आणि तू भिवजीराव.”

गोमाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. “सरकार, आपलं सोंग मला जमेल. तुम्हांला माझं जमायचं नाही. तुम्ही चालता तशी फक्त तोफ चालते.”

तरीही शिकवणी झाली. किल्लेदारांना वाकायला सांगितले की ते युद्धाला निघाल्यासारखे वाकत. भीक मागायला सांगितले की हुकूम सोडत. “पीठ वाढ गं माय,” हे ते असे काही गरजले, की ओसरीवरचे कुत्रे पळून गेले. साळूने त्यांना आबा म्हणून हाक मारून पाहिली. ते सावधपणे म्हणाले, “बोल... मुली.”

“कार्टे म्हणा,” साळूने सांगितले. “आबा सोंगात नसले की कार्टे म्हणतात.”

मग न्हाव्याला बोलावले आणि मिशी उतरली. ती उतरताना किल्लेदारांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. गोमाने एकेक केस ताटात गोळा केला, राळ तापवली आणि सोसवेल त्याहून जरा जास्त गरम असतानाच वरच्या ओठावर फासून ती मिशी बसवली. पोटावर चिंध्यांची गाठोडी बांधली. तेवढ्यात किल्लेदारीणबाई आत आल्या, गोमाकडे पाहून कडाडल्या, “जेवण थंड होतंय, आणि इथं गप्पा कसल्या मारताय?” आणि पलीकडच्या बोडक्या ओठांच्या माणसाला म्हणाल्या, “तू कोण रे?”

गोमा हसला नाही. तो भिवजीराव झाला होता. साळू निघताना त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साळू आणि गोसाव्याच्या वेशातले किल्लेदार गड उतरले. पहिल्या चौकीवर पहारेकऱ्याने साळूला पाहिले आणि ओरडला, “आली रे, गोमाची शेपटी आली!” गोसाव्याचे पोट सोंगातलेच समजले गेले आणि वाट मिळाली. दुसऱ्या चौकीवरही मिळाली. छावणीच्या मधोमध मात्र खुद्द जालिंदरराव तंबूबाहेर दात घासत बसले होते.

जालिंदररावांचा आवाज मऊ होता. ते कधी ओरडत नसत. परवाच त्यांनी एका आचाऱ्याचा हात भात करपला म्हणून उकळत्या आधणात धरवला होता, तोही असाच मऊ आवाजात, “जरा बुडव बघू,” असे सांगून.

“गोमा! आज गोसावी? कर बघू काहीतरी.”

किल्लेदारांनी हात जोडले, वाकले आणि तोंड उघडून तसेच राहिले. एकही शब्द बाहेर येईना. भोवती माणसे गोळा होऊ लागली.

“मौनीबाबा आहेत!” साळू घाईघाईने पुढे झाली. “यांनी बारा वर्षं मौन धरलंय, सरदार. बायकोशी भांडण झालं तेव्हापासून. बायको म्हणाली एक शब्द बोलू नका, हे अजून तिची परवानगी यायची वाट बघतायत.”

हशा पिकला. किल्लेदार त्या हशाने इतके गोंधळले, की त्यांचा चेहरा खरोखरच बायकोला घाबरलेल्या माणसासारखा झाला आणि लोक आणखी हसले. जालिंदररावही हसले.

“बरं आहे. कुठे निघालात?”

“नदीपारच्या बाजारात, रंग आणायला. संध्याकाळी नवं सोंग दाखवतात आबा.”

“जाऊ दे त्याला. तू बस इथे. बाप परत येतो की नाही, बघू.”

किल्लेदार जागचे हलले नाहीत. त्यांनी साळूकडे पाहिले. त्यांना गड वाचवायचा होता, पण दुसऱ्याचे लेकरू असे वाघाच्या तोंडी ठेवून जाणे त्यांच्या पायांना जमत नव्हते.

“जा ना, आबा,” साळू म्हणाली; हा खरा आबा नव्हता, म्हणून रीत मोडत नव्हती. “मी बसते.”

“येतो... कार्टे,” ते म्हणाले आणि निघाले. जाता जाता त्यांचा उजवा हात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, वरच्या ओठावर गेला आणि तिथे नसलेल्या मिशीला पीळ देऊन खाली आला.

ते बहुतेकांनी पाहिले नाही. जालिंदररावांनी पाहिले.

ते बराच वेळ दात घासत राहिले. मग त्यांनी गडाकडे जासूद धाडला. निरोप साधा होता: पुष्कळ झाले, तहाचे बोलू, किल्लेदारांनी स्वतः खाली यावे, आम्ही बेलभंडार उचलून शपथ घेतो, केसाला धक्का लागणार नाही. किल्लेदार गडावर असेल तर येईल. आला नाही, तर मघाचा गोसावी कोण ते कळले. शंभर स्वार घोड्यांवर खोगीर चढवून उभेच होते.

साळू हे सगळे ऐकत होती. तिच्यासमोरच ते बोलले होते. लहान पोरीसमोर मोठी माणसे काहीही बोलतात.

ऊन डोक्यावर आले आणि गडाचा दरवाजा उघडला. भिवजीराव दरेकर पालखीतून खाली आले. बरोबर चार भालाईत, पोट पुढे, मान ताठ. पालखीतून उतरताना ते भोयांवर खेकसले, “हळू! मी काय नाचणीचं पोतं आहे?” सकाळी छावणीतून जो माणूस गेला त्याच्याहून हा किल्लेदार शंभर पटींनी जास्त किल्लेदार होता.

जालिंदरराव हात जोडून सामोरे गेले, अदबीने जवळ आले आणि काही कळायच्या आत त्यांनी मिशीचे एक टोक मुठीत धरून उपटले.

केस आले, पण नुसते आले नाहीत. त्यांच्याबरोबर ओठाची कातडी आली. राळ फार गरम लावली होती. रक्त हनुवटीवरून अंगरख्यावर ठिबकले. किल्लेदाराचा डोळाही लवला नाही.

“घोरतळे,” ते म्हणाले, “पाहुण्याला आधी बसायला सांगतात. मिशी उपटायची ती पान-सुपारीनंतर. तुमच्या घराण्यात उलटं दिसतं.”

कुणीतरी फिसकन हसले आणि गप्प झाले. जालिंदररावांनी हातातले रक्ताळलेले केस पाहिले. त्यांचा संशय अर्धा फिटला होता. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी साळूला पुढे आणवले आणि तिच्या हातात गुळाचा खडा ठेवला.

“पोरी, भिऊ नकोस. यांना नीट बघ. ओळखतेस यांना?”

साळूने गुळाचा खडा मुठीत आवळला.

“हा तुझा बाप असेल तर तसं सांग. बहुरूप्याला मारून मला काय मिळणार? शिधा देऊन दोघांनाही सोडतो, हवं तिथे जा. फक्त माझ्या स्वारांना नदीकडे जरा घाई करावी लागेल. पण हा किल्लेदार असेल, तर मात्र याची मान आत्ताच उतरवतो. म्हणजे गडाचा दरवाजा आपोआप उघडेल.”

“बेलभंडार उचलला होतात ना?” किल्लेदार म्हणाले.

“बेल वाळतो, दरेकर.”

तंबूभोवती माणसे दाटली होती आणि सगळी साळूच्या तोंडाकडे पाहत होती. एक शब्द होता. तो तिच्या जिभेवर जन्मापासून होता. तो उच्चारला असता तर ती आणि तिचा बाप गूळ खात रानावाटेने निघून गेले असते. गड, गोलंदाज सिदू, किल्लेदारीणबाई, चारशे माणसे, यांचे काय होते ते त्यांना पाहावेही लागले नसते. साळू तो शब्द उच्चारणार होती. तिने तोंड उघडले होते.

“काय तमाशा आहे हा!” किल्लेदार गरजले. “दरेकरांच्या मानेचा निवाडा आता ही भिकारडी पोर करणार? रोज माझ्या गडावर कोंडा मागत हिंडते. हिचा बाप निदान हसवतो तरी. हिला तेही येत नाही. जड झालेलं ओझं वागवतोय बिचारा. दूर करा हिला, अंगावर उवा पडतील!”

साळूने त्याच्याकडे पाहिले. ती शोधत होती. ओठाच्या कोपऱ्यात, कपाळाच्या आठीत, कुठेतरी एखादी फट असेल आणि तिथून तो तिच्याकडे बघत असेल. एवढेच तिला हवे होते. आयुष्यात एकदा, आत्ता, त्याचे सोंग जरासे चुकावे. पण त्या चेहऱ्यावर एक मोठा माणूस होता आणि त्याला एका घाणेरड्या पोरीची किळस आली होती. दुसरे काहीही नव्हते. गोमाने इतके चांगले सोंग कधी वठवले नव्हते.

“नाही ओळखत,” साळू म्हणाली. “माझे आबा नदीपार गेलेत.”

जालिंदररावांनी समाधानाने मान हलवली आणि बाजूच्या शिपायाला खूण केली. शिपायाने तलवार उपसली. किल्लेदारांनी पात्याकडे वाकून पाहिले.

“घोरतळे, ही धुऊन तरी घे. सकाळी आचाऱ्यानं हिनंच कांदा चिरलेला दिसतोय. मेल्यावरही माझ्या डोळ्यांतून पाणी येईल आणि तू म्हणशील, दरेकर रडला.”

सगळी छावणी हसली. खो खो हसली; जालिंदररावही पोट धरून हसले. ते हसत असतानाच त्यांनी हात खाली केला. हसणे एकदम थांबले नाही. मागच्या रांगांत, ज्यांना पुढचे दिसत नव्हते, तिथे ते बराच वेळ चालू राहिले.

गुळाचा खडा साळूच्या मुठीत वितळून गेला होता.

छावणीतून गडावर मुंडके धाडले गेले आणि दरवाजे उघडा असा हुकूम गेला. उत्तर सिदूच्या तोफेने दिले. जालिंदरराव चकित झाले. धनी मेल्यावर गड लढतो हे त्यांनी ऐकले नव्हते. त्यांनी रात्रभर विचार केला असेल. सकाळी नदीकडून धुळीचा लोट उठला, सासरे-जावयांची फौज छावणीवर कोसळली आणि तिच्या आघाडीला, बिनमिशीचा, गोसाव्याच्या भगव्या कफनीवर तलवार बांधलेला भिवजीराव दरेकर होता. काल मारलेला माणूस आज मिशी काढून परत आला, असे वाटून छावणीतले कित्येक जण हत्यार न उचलताच पळाले. जालिंदररावांना नदीच्या वाळवंटात धरले. त्यांची अर्धी मिशी भादरून, गाढवावर उलटे बसवून, गडावर आणले. वाटेत बायकांनी शेण मारले. गडकरी हसून हसून बेजार झाले. छावणीतून सुटून आलेली साळू त्या गर्दीत उभी होती. तिला कुणी तरी शेणाचा गोळा दिला. तिने तो जपून खाली ठेवला.

दरबारातून किल्लेदारांना मानाचा पोशाख आला आणि त्यासोबत सवाल आला, की छावणीत किल्लेदार मारला गेला म्हणतात, मग आपण कुठे होतात? भिवजीराव वाईट माणूस नव्हते. पण आपण मिशी उतरवून, भिकाऱ्याच्या वेशात, एका पोरीच्या मागून गडाबाहेर पडलो, हे त्यांच्याने सांगवेना. त्यांनी कळवले, की छावणीत कामी आले ते आमचे चुलतबंधू, चेहऱ्याने आमच्यासारखे. तशीच गडाच्या पायथ्याशी समाधी बांधली. दगडावर भरदार मिशीचा वीर कोरला आणि खाली नाव घातले: दरेकर.

“तुला काही कमी पडू देणार नाही,” ते साळूला म्हणाले. तिच्या डोळ्याला डोळा मात्र त्यांनी दिला नाही. “फक्त हे एवढं... राहू दे.”

त्यांनी शब्द पाळला. साळू दरेकरांच्या वाड्यात वाढली, चांगल्या घरी दिली गेली, विधवा होऊन पुन्हा त्याच वाड्यात आली. दरवर्षी त्या तिथीला समाधीवर दही-भात चढे, नगारा वाजे, आणि या चुलतबंधूंची, काकासाहेब दरेकरांची, कीर्ती सांगितली जाई. कीर्तीत ते फार धीरगंभीर असत. त्यांना कुणी एकही विनोद करू देत नसे. साळू बायकांच्या रांगेत उभी राही आणि इतरांबरोबर फुले वाही.

भिवजीराव म्हातारे होऊन वारले. पुढच्या वर्षी पूजेचा मान त्यांच्या मुलाकडे, जिवाजीरावांकडे आला. ते वडिलांपेक्षा मवाळ होते आणि म्हाताऱ्या माणसांशी अदबीने वागत. नगारा थांबल्यावर त्यांनी साळूबाईंना पुढे बोलावले.

“साळूआत्या, त्या दिवशी तुम्ही छावणीत होतात म्हणे. आता जिवंत असं कुणी उरलं नाही. तुम्ही काकासाहेबांना ओळखत होतात?”

सारा गाव पाहत होता. साळूचे केस पांढरे झाले होते. ज्या वाड्यात ती पडून होती तो याच माणसाचा होता. तिने दगडातल्या त्या मिशाळ, गंभीर चेहऱ्याकडे पाहिले. त्यातही तिने जरा वेळ शोधले.

“ओळखते,” ती म्हणाली. आवाज लहान निघाला, म्हणून तिने पुन्हा, मोठ्याने, शेवटच्या रांगेलाही जाईल असे सांगितले. “हे दरेकर नव्हेत. हे माझे आबा.”